ज्यूरीला काय सांगितलं, यावरून निकाल का फिरतो?

बारा जणांच्या ज्यूरीने दोषी ठरवलेला माणूस दोन-तीन वर्षांनी अपिलात सुटतो. नवा साक्षीदार आलेला नसतो, डीएनएचा नवा अहवाल नसतो, कुणी जबाब फिरवलेला नसतो. अपील न्यायालयाचं म्हणणं एवढंच असतं, की खटल्याच्या शेवटी न्यायाधीशांनी ज्यूरीला जे समजावलं ते चुकीचं होतं किंवा अपुरं होतं. अशी बातमी वाचली की 'तांत्रिक मुद्द्यावर सुटला' हा शेरा ठरलेला. तो बहुतेक वेळा चुकीचा असतो. तो का चुकतो हे समजायला ज्यूरीच्या निकालात नसतं काय, इथून सुरुवात करावी लागते.

न्यायाधीश एकटेच खटला चालवतात तेव्हा शेवटी निकालपत्र येतं. कोणत्या साक्षीदारावर विश्वास ठेवला, कोणावर का नाही, कलम कसं लागू झालं, सगळं कागदावर असतं. अपील करणाऱ्या वकिलाला बोट ठेवायला जागा मिळते. ज्यूरीच्या खटल्यात ती जागाच नाही. ज्यूरी 'दोषी' किंवा 'दोषी नाही' एवढंच सांगते. कारणं देत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये तर ज्यूरीच्या खोलीत काय बोलणं झालं ते बाहेर सांगणं हाच गुन्हा आहे.

मग अपिलात तपासायचं काय? हाताशी ठोस उरतं ते न्यायाधीशांचं बोलणं, कारण ते शब्दन् शब्द नोंदलेलं असतं. कायदा असं धरून चालतो की ज्यूरीने न्यायाधीशांच्या सूचना तंतोतंत पाळल्या. सूचना बरोबर असतील तर या गृहीतामुळे निकाल भक्कम होतो. सूचना चुकीच्या असतील तर त्याच गृहीतामुळे मानावं लागतं, की ज्यूरीने चुकीची गोष्ट तंतोतंत पाळली. सूत्रच चुकीचं दिलं, तर पुढची आकडेमोड कितीही काळजीपूर्वक केली तरी उत्तरावर भरवसा ठेवता येत नाही.

या सूचनांचा साचा साधारण असा. घटना काय घडली हे ज्यूरीने ठरवायचं, कायदा काय आहे हे न्यायाधीशांनी सांगायचं. गुन्हा सिद्ध करण्याची जबाबदारी कोणाची आणि किती खात्री हवी. आरोपातल्या गुन्ह्याचे घटक कोणते. म्हणजे चोरीचा आरोप असेल तर नेमकं काय काय सिद्ध व्हायला हवं. बचाव काय आहे. मग पुराव्यात जिथे जिथे घसरण्याची शक्यता आहे तिथल्या खास धोक्याच्या सूचना. त्यानंतर पुराव्याचा गोषवारा आणि शेवटी एकमताबद्दल दोन शब्द. चूक दोन प्रकारची होते: काहीतरी चुकीचं सांगितलं जातं, किंवा सांगायला हवं होतं ते राहून जातं. दुसरी चूक पकडणं जास्त अवघड. न उच्चारलेलं वाक्य नोंदीत दिसत नाही. ते तिथे असायला हवं होतं हे वाचणाऱ्याला आधी माहीत असावं लागतं.

ओझं कोणाच्या डोक्यावर

सगळ्यात मूलभूत चूक म्हणजे सिद्ध करण्याचं ओझं आरोपीवर टाकणं. याचं प्रसिद्ध उदाहरण १९३५ सालचं, वूलमिंग्टन खटल्याचं. डिसेंबर १९३४ मध्ये २१ वर्षांच्या या इंग्लिश शेतमजुराच्या बंदुकीतून गोळी सुटली आणि त्याची बायको ठार झाली. ती त्याला सोडून आईकडे राहायला गेली होती. तो म्हणाला, परत आली नाहीस तर मी जीव देईन अशी धमकी द्यायला बंदूक नेली होती, दाखवताना चुकून उडाली. पहिल्या ज्यूरीचं एकमत झालं नाही. दुसऱ्या खटल्यात न्यायाधीशांनी सांगितलं, की आरोपीच्या हातून मृत्यू झाला एवढं सरकारी पक्षाने दाखवलं की तो खून धरायचा. अपघात होता हे पटवून देणं आरोपीचं काम. ज्यूरीने दोषी ठरवलं, फाशीची शिक्षा झाली.

हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटनच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, ती रद्द केली. लॉर्ड सँकी यांनी निकालात 'सोनेरी धागा' म्हटलं तो हाच नियम: आरोपीचा गुन्हा सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारी पक्षाची असते. वेडाचा बचाव आणि काही कायद्यांनी स्पष्टपणे उलट ठरवलेल्या बाबी सोडल्या, तर ती आरोपीकडे सरकत नाही. बारकाईने पाहा. ज्यूरीला 'अपघात असेल की नसेल, सांगता येत नाही' असं वाटलं असतं, तर योग्य सूचनेनुसार तो सुटायला हवा होता. मिळालेल्या सूचनेनुसार तेच मत त्याला फासावर नेणारं होतं. पुरावा तोच, माणसं तीच, निकाल उलटा.

'खात्री' किती?

दुसरी घसरण शब्दांची. 'वाजवी संशयापलीकडे' हे शब्द सगळ्यांना पाठ असतात, पण ज्यूरीतल्या कुणी 'म्हणजे नेमकं किती?' असं विचारलं की न्यायाधीशांची परीक्षा सुरू होते. १९७० च्या दशकात इंग्लंडमध्ये ग्रे खटल्यात न्यायाधीश म्हणाले, रोजच्या व्यवहारात तुम्हाला अडखळायला लावेल असा संशय. अपिलात दोषसिद्धी रद्द झाली, कारण रोजच्या व्यवहारात माणूस कितीतरी निर्णय अंदाजपंचे घेतो. त्याआधी १९६९ मध्ये वॉल्टर्स खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश साम्राज्यातून आणि पुढे काही राष्ट्रकुल देशांतून येणारी अपिलं ऐकणारं लंडनमधलं न्यायालय) 'तुमच्या आयुष्यातल्या महत्त्वाच्या बाबींत' अशी तुलना चालवून घेतली होती. 'रोजच्या' आणि 'महत्त्वाच्या' एवढाच फरक. आज इंग्लंडमध्ये न्यायाधीश शक्यतो त्या वाटेला जात नाहीत. 'तुमची खात्री पटली पाहिजे' एवढं सांगून थांबतात.

ऑस्ट्रेलियात १९७१ च्या ग्रीन खटल्यात न्यायाधीशांनी वाजवी संशयाचं लांबलचक विवेचन केलं आणि त्यातच दोषसिद्धी गेली. अमेरिकेत लुइझियाना राज्यातल्या केज खटल्यात (१९९०) ज्यूरीला सांगितलं होतं, की संशय 'गंभीर अनिश्चितता' निर्माण करणारा हवा. सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, अशाने कमी पुराव्यावरही दोषी ठरवायला वाट मोकळी होते. तीन वर्षांनी सलिव्हन खटल्यात तेच न्यायालय आणखी पुढे गेलं: संशयाची व्याख्याच चुकली असेल तर 'पुरावा इतका भक्कम होता की काही फरक पडला नसता' हा युक्तिवादही चालणार नाही. कारण मग कायद्याला अभिप्रेत असलेला ज्यूरीचा निकाल मुळात लागलेलाच नाही.

गंमत म्हणजे एका देशात बरोबर असलेलं वाक्य दुसऱ्या देशात अपिलाचा मुद्दा ठरतं. २०१३ मध्ये लंडनच्या साउथवर्क क्राउन कोर्टात ज्यूरीने न्यायाधीशांना दहा लेखी प्रश्न पाठवले. त्यातला एक वाजवी संशयाच्या व्याख्येचा होता, आणि एक असा, की न्यायालयात न आलेल्या आणि पुराव्याचा आधार नसलेल्या कारणावरून निकाल देता येतो का. संशयाच्या प्रश्नावर उत्तर मिळालं, की हे साधे रोजचे शब्द आहेत, याहून जास्त मदत करता येणार नाही. पुढे ती ज्यूरी बरखास्त झाली, पण ते उत्तर इंग्लिश कायद्यात बसणारं होतं. उलट कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये लिफ्चस खटल्यात ठरवलं, की 'हे शब्द रोजच्याच अर्थाने घ्या' असं सांगणं हीच चूक. त्या आरोपीवर नव्याने खटला चालवण्याचा आदेश कायम झाला.

एका शब्दाचं वजन मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. १८९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्यूरीला १२४-अ कलमातल्या 'डिसअफेक्शन'चा अर्थ सांगितला: 'अफेक्शन'चा, म्हणजे प्रेमाचा, अभाव. सरकारविषयी प्रेम नसणं आणि सरकारविरुद्ध द्वेष चेतवणं यांतलं अंतर त्या वाक्यात पुसलं गेलं. सहा युरोपीय सदस्यांनी दोषी म्हटलं, तिघा भारतीयांनी नाही. १८ महिन्यांची सक्तमजुरी झाली. प्रिव्ही कौन्सिलपुढे टिळकांची बाजू पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झालेल्या ॲस्क्विथ यांनी मांडली. मुद्दा ज्यूरीला दिलेल्या चुकीच्या सूचनेचाच होता, पण अपिलाची परवानगीच नाकारली गेली. इंग्लंडमध्येही तेव्हा फौजदारी अपील न्यायालय नव्हतं. ते १९०७ च्या कायद्याने आलं.

'मी याला पाहिलं'

ते न्यायालय येण्यामागे अडॉल्फ बेक नावाच्या माणसाची दैना होती. १८९६ मध्ये आणि पुन्हा १९०४ मध्ये अनेक स्त्रियांनी त्याला फसवणूक करणारा म्हणून ओळखलं. फसवणारा दुसराच होता. ओळखणाऱ्या स्त्रिया खोटं बोलत नव्हत्या, त्या चुकल्या होत्या, आणि हाच प्रकार जास्त घातक. खोटारडा उलटतपासणीत उघडा पडू शकतो. प्रामाणिकपणे चुकलेला साक्षीदार ठाम राहतो, डोळ्यात पाणी आणून सांगतो, आणि ज्यूरीला पटतो.

म्हणून १९७६ मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयाने टर्नबुल खटल्यात नियम घालून दिले. सरकारी पक्षाची मदार मुख्यतः ओळखीवर असेल आणि आरोपी ती ओळख नाकारत असेल, तर न्यायाधीशांनी तीन गोष्टी करायच्या. विशेष सावधगिरी हवी असं सांगायचं. ती का हवी हेही सांगायचं: पटणारा साक्षीदार चुकू शकतो, पटणारे अनेक साक्षीदारही एकदम चुकू शकतात. आणि ज्या परिस्थितीत पाहिलं ती ज्यूरीला बारकाईने तपासायला लावायची: किती वेळ पाहिलं, किती अंतरावरून, उजेड कसा होता, मध्ये काही आडवं येत होतं का, आधी कधी पाहिलेला होता का, लक्षात राहण्याचं काही कारण होतं का, पाहणं आणि पोलिसांपुढे ओळखणं यात किती काळ गेला, पहिलं वर्णन आणि प्रत्यक्ष आरोपी यांत तफावत आहे का.

बहुतेक अपिलं अडतात ती या शेवटच्या भागात. न्यायाधीश साचेबंद इशारा नीट वाचून दाखवतात, पण त्या खटल्यातल्या कच्च्या जागा दाखवत नाहीत. समजा साक्षीदाराने रात्री रस्त्यापलीकडून, उभ्या गाडीच्या आडून, चार-पाच सेकंद पाहिलं. पहिल्या जबाबात 'दाढी नव्हती' म्हणाला आणि त्याच दिवशी काढलेल्या फोटोत आरोपीला भरगच्च दाढी आहे. अशा वेळी 'ओळखीच्या पुराव्याबाबत सावध राहा' एवढं म्हणून भागत नाही. दाढीचा उल्लेख, उभ्या गाडीचा उल्लेख, सेकंदांचा उल्लेख न्यायाधीशांच्या तोंडून यायला हवा. वकिलाने सांगितलं होतं हे पुरेसं नाही; वकील एका बाजूचा असतो हे ज्यूरीला ठाऊक असतं. आणि ओळख फारच तकलादू असेल, दुसरा कसलाच आधार नसेल, तर प्रकरण ज्यूरीपुढे जाऊच द्यायचं नाही, हाही त्याच नियमाचा भाग आहे.

खोटेपणाची सूचना याच जातीची. आरोपीचं खोटं पकडलं गेलं की ज्यूरीला वाटतं, झालं, सापडला. पण माणसं लाजेपोटी खोटं बोलतात, अनैतिक संबंध घरच्यांपासून लपवायला बोलतात, घाबरून बोलतात, आपली खरी बाजू जास्त भक्कम दिसावी म्हणूनही बोलतात. ल्यूकस खटल्याने (१९८१) चौकट दिली: खोटं मुद्दाम बोललेलं हवं, महत्त्वाच्या मुद्द्यावर हवं, ते खोटं असल्याचं स्वतंत्रपणे दिसायला हवं, आणि गुन्हा उघड होण्याची भीती हेच त्यामागचं कारण हवं. हे सांगायचं राहिलं आणि सरकारी पक्षाने सारा भर त्या खोट्यावर दिलेला असेल, तर अपिलाला जोर येतो.

४५ वर्षांनी

अशा अनेक चुका एकत्र कशा येतात ते डेरेक बेंटलीच्या प्रकरणात दिसतं. नोव्हेंबर १९५२ मध्ये क्रॉयडनमधल्या एका गोदामाच्या छतावर त्याच्या १६ वर्षांच्या साथीदाराने पोलिसाला गोळी घालून मारलं. बेंटली त्या वेळी पोलिसांच्या ताब्यात होता. साथीदार वयामुळे फाशीतून वाचला. खुनात सामील म्हणून दोषी ठरलेल्या बेंटलीला २८ जानेवारी १९५३ रोजी फाशी झाली, वय १९. खटला चालवला होता खुद्द लॉर्ड चीफ जस्टिस, म्हणजे इंग्लंडच्या न्यायाधीशांचे प्रमुख, गॉडर्ड यांनी.

जुलै १९९८ मध्ये अपील न्यायालयाने दोषसिद्धी रद्द केली. गॉडर्ड यांनी किती खात्री हवी हे ज्यूरीला नीट सांगितलं नव्हतं, सिद्ध करण्याची जबाबदारी कोणाची तेही धडपणे नाही. वर पोलिसांच्या शौर्याची अशी स्तुती केली की त्यांच्या साक्षीवर शंका घेणं म्हणजे कृतघ्नपणा वाटावा. तारतम्याने पाहिलं तर शेवटची गोष्ट सर्वांत वाईट. कायद्याचं वाक्य चुकलं तर ते निदान वेगळं काढून दाखवता येतं. न्यायाधीशांचा कल ज्यूरीला कळला की तो प्रत्येक वाक्यात मुरतो.

कधी सूचना देताना कायदा बरोबर असतो आणि नंतर कायदाच चुकीचा ठरतो. लेस्टरमध्ये २०११ साली जोगी नावाच्या आरोपीच्या साथीदाराने चाकूने खून केला. जोगी चिथावणी देत होता. ज्यूरीला सांगितलं गेलं, साथीदार असं काही करू शकतो याची कल्पना जोगीला होती एवढं पुरे. २०१६ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, १९८० च्या दशकात कायद्याने इथे चुकीचं वळण घेतलं होतं; कल्पना असणं हा हेतूचा पुरावा असू शकतो, ते हेतूच्या जागी बसू शकत नाही. फेरखटल्यात तो खुनाऐवजी सदोष मनुष्यवधाचा दोषी ठरला. असं झालं तरी जुने सगळे निकाल आपोआप कोसळत नाहीत. मुदत उलटून गेलेल्या अपिलात मोठा अन्याय झाल्याचं दाखवावं लागतं.

आणि कधी दोन्ही वकिलांची चूक न्यायाधीशांच्या अंगावर येते. कूट्सवरच्या खुनाच्या खटल्यात सदोष मनुष्यवधाचा पर्याय ज्यूरीपुढे ठेवू नये यावर दोन्ही बाजूंचं एकमत होतं, बचाव पक्षाला 'सगळं किंवा काही नाही' हवं होतं. हाउस ऑफ लॉर्ड्सने २००६ मध्ये दोषसिद्धी रद्द केली: पुराव्यातून तो पर्याय उघड निघत असेल तर कुणी मागो न मागो, ठेवायलाच हवा. फेरखटल्यात कूट्स पुन्हा खुनाचाच दोषी ठरला. 'सुटला' या शब्दाची मर्यादा इथे दिसते.

अपिलात प्रत्यक्ष काय होतं

इंग्लंडमध्ये दोषी ठरल्यापासून २८ दिवसांत अपिलाची नोटीस द्यावी लागते. न्यायाधीशांच्या भाषणाची नोंद मागवली जाते आणि ती सलग वाचली जाते. एक वाक्य सुटं काढून अपील जिंकता येत नाही, कारण तेच पुढच्या पानावर दुरुस्त केलेलं असू शकतं. वकिलाने तिथल्या तिथे हरकत घेतली होती का, हेही पाहतात. न घेतल्याने अपील मरत नाही, पण 'ऐकणाऱ्यालाही तेव्हा खटकलं नव्हतं' असा अर्थ निघतो. मग खरा प्रश्न येतो: या चुकीने फरक पडला का? इंग्लंडमध्ये दोषसिद्धी 'असुरक्षित' आहे का असं विचारतात, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात खरोखर मोठा अन्याय झाला का असं, अमेरिकेत चूक निरुपद्रवी होती का असं. गळफास इथेच बसतो. चूक मान्य होऊनही अपील फेटाळलं जाणं अगदी नेहमीचं आहे.

जिंकलं तरी दोषसिद्धी रद्द होते, निर्दोषत्वाचं प्रमाणपत्र मिळत नाही. फेरखटल्याचा आदेश झाला तर इंग्लंडमध्ये दोन महिन्यांत आरोपीला पुन्हा न्यायालयापुढे उभं करावं लागतं.

सूचना आरोपीच्या बाजूनेही चुकू शकते. नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरच्या खुनाच्या खटल्यात मुंबईच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवलं, सत्र न्यायाधीशांनी ते न पटून प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. तिथे त्याच न्यायाधीशांच्या ज्यूरीला दिलेल्या सूचना सदोष ठरल्या. अपघाताच्या बचावाला, म्हणजे भारतीय दंड संहितेच्या कलम ८० ला, काय काय लागतं हे ज्यूरीला समजावलंच नव्हतं. जन्मठेप झाली आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली.

कागदावर द्या

दोन-तीन तास तोंडी कायदा ऐकून बारा माणसांच्या लक्षात काय राहणार? इंग्लंडच्या न्याय मंत्रालयासाठी झालेल्या आणि २०१० मध्ये आलेल्या अभ्यासात तोंडी सूचना पूर्णपणे कळलेले ज्यूरी सदस्य ३१ टक्के निघाले. सोबत लेखी सारांश दिल्यावर ४८ टक्के. म्हणजे कागद देऊनही निम्म्याहून जास्त जणांचं काहीतरी हुकलंच. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने २०१५ च्या कायद्याने वेगळी वाट धरली: पुरावा संपल्यावर वकिलांनीच सांगायचं की कोणते मुद्दे वादात आहेत आणि कोणत्या सूचना हव्यात. न्यायाधीशांनी, अन्याय होत नसेल तर, तेवढ्याच द्यायच्या. लांबण कमी होतं.

इंग्लंडमध्ये आता प्रश्नांची एक साखळी लिहून ज्यूरीच्या हाती देतात. मारहाणीच्या खटल्यात आरोपी स्वसंरक्षण म्हणत असेल तर ती साधारण अशी.

पहिला प्रश्न: आरोपीने जाणूनबुजून मारलं याची आपली खात्री आहे का? नसेल तर दोषी नाही, तिथेच थांबा. असेल तर पुढे.

दुसरा: स्वतःला वाचवायला बळ वापरणं भाग आहे असं आरोपीला वाटत नव्हतं, याची आपली खात्री आहे का? असेल तर दोषी. नसेल तर पुढे.

तिसरा: त्याला दिसत होती त्या परिस्थितीत त्याने वापरलेलं बळ अवाजवी होतं, याची आपली खात्री आहे का? असेल तर दोषी, नसेल तर दोषी नाही.

दुसरा प्रश्न वाचायला अवघड जातो, आणि मसुदा करणाऱ्याचा हात तो सोपा करायला शिवशिवतो: 'स्वतःला वाचवणं भाग आहे असं आरोपीला वाटत होतं, याची आपली खात्री आहे का?' 'नव्हतं'चं 'होतं' झालं. वाक्य सुटसुटीत झालं आणि ओझं पुन्हा आरोपीच्या डोक्यावर गेलं, १९३५ च्या शेतमजुराच्या होतं तसंच.